छर्रा, पापणी आणि सेकंदाचा दहावा भाग

सौंदत्तीची जत्रा असो की मंगसुळीची, खेळण्यांच्या पालावर छर्र्याची बंदूक हमखास असते, आणि पोरगं रडायला लागलं की आपण म्हणतो घे बाबा एकदाची, प्लॅस्टिकचाच तर छर्रा, वजन ते काय असतंय त्याला. खरंय, 6 मिलिमीटरचा तो पिवळा दाणा भरतो जेमतेम 0.12 ग्रॅम. पण मार वजनापेक्षा वेगावर जास्त ठरतो ओ, वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, म्हणजे स्प्रिंग जरा कडक निघाली की खेळ संपला.

आता डोळ्याचं बघा. क्रिकेटचा बॉल 7 सेंटिमीटरचा, डोळ्याची खोबण 4 च्या आसपास, त्यामुळं बॉल तोंडावर आला तरी बराचसा मार भुवईचं आणि गालाचं हाड घेतं (तरी इजा होतेच, हेल्मेट काय हौसेनं घालत नाहीत). छर्रा मात्र हाडाला न शिवता थेट डोळ्यावर. आणि पापणी? ती मिटायला साधारण सेकंदाचा दहावा भाग लागतो, तेवढ्यात सेकंदाला 60 मीटरनं सुटलेला छर्रा जवळपास 6 मीटर गेलेला असतो आणि पोरं तर गल्लीत दोन-तीन मीटरवरनंच नेम धरतात.

फोमचे बाण त्यातल्या त्यात बरे, टोक मऊ आणि पसरट असतंय. पण टोकाचं रबर निघालं की तिथं खिळा खोचून बघणारा एखादा वस्ताद निघतोच, आणि निघालेलं रबर धाकटं तोंडात घालतंय ते वेगळं.

14 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, त्या तपासणीत उडणाऱ्या वस्तूची ऊर्जाही बघतात. पालावरच्या पिशवीतल्या मालावर तो मार्क शोधून दाखवा की.

लागलंच तर डोळा चोळू द्यायचा नाही, दाबायचा नाही, दूध-मध असलं काही घालायचं नाही. चहाचा कागदी कप कडा हाडावर टेकतील असा उपडा ठेवून चिकटपट्टी लावायची आणि निपाणीकडनं कोल्हापूर, खानापूरकडनं बेळगाव, जे जवळ पडेल तिथं डोळ्याच्या डॉक्टरकडं न्यायचं. मुकामार असला की कधीकधी डोळ्याच्या पुढच्या भागात रक्त साचतं, पोरगं बसलं की खाली लाल रेघ दिसते. दोन दिवसांत ती विरली म्हणून तपासणी सोडू नका, पहिल्या चार-पाच दिवसांत परत रक्त येऊ शकतं, आणि आतलं पाणी वाहून जायची वाट दुखावली असेल तर काचबिंदू काही वर्षांनीही होतो, म्हणून डोळ्याचं प्रेशर दरवर्षी बघून घ्यायचं.