चित्रपटांतील मनोविकार आणि प्रतिभा

मनोविकार असलेल्या माणसाचे, आणि त्याला ‘वेडा’ ठरवणाऱ्या समाजाचे, चित्रपटांतून होणारे चित्रण. लोकप्रिय चित्रपटांत असा माणूस बहुधा खुनी तरी असतो, नाहीतर हसण्याचा विषय. सन्मान मिळतो तो अलौकिक बुद्धी असेल तरच. ही अट या चित्रणातला सर्वांत खोल दोष आहे, कारण मनोविकार झालेली बहुतेक माणसे चारचौघांसारख्याच बुद्धीची असतात.

या धाटणीचा ठळक नमुना म्हणजे स्किझोफ्रेनिया (भास आणि भ्रम होणारा मनोविकार) झालेल्या गणितज्ञ जॉन नॅश (१९२८–२०१५) यांच्या आयुष्यावरील ‘अ ब्यूटिफुल माइंड’ (२००१). त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळाले. नॅश यांचा विद्यार्थिदशेतला खोलीतला सोबती चार्ल्स प्रेक्षकालाही हाडामांसाचा वाटतो. तो निव्वळ भास होता, हे बऱ्याच उशिरा कळते. ‘असं काही नसतं’ एवढे सांगून स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाची समजूत का पटत नाही, हे या एका युक्तीने जितके उमगते तितके व्याख्यानांनी उमगत नाही. प्रत्यक्षात मात्र नॅश यांना अशी माणसे दिसत नव्हती, आवाज ऐकू येत होते. दुसरा फेरफार औषधांचा. १९९४च्या नोबेलच्या सुमारास पडद्यावरचे नॅश आपण नवी औषधे घेतो असे सांगतात. खऱ्या नॅश यांनी १९७०नंतर औषधे घेतलेली नव्हती. चित्रपट पाहून कोणी गोळ्या बंद करू नयेत, ही काळजी रास्तच होती. बहुतेक रुग्णांना औषधांची गरज असतेच. पण शेवटी नॅश यांचा आजार समाजाला पचतो तो नोबेलमुळे, आणि पारितोषिक न मिळालेल्यांचे काय, हे चित्रपट विचारत नाही.

‘रेन मॅन’मधला (१९८८) रेमंड स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे आणि आकड्यांत अचाट आहे. हे पात्र ज्यांच्यावरून सुचले ते किम पीक स्वमग्न नव्हते. मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणारा तंतूंचा पट्टा त्यांच्यात जन्मतःच नव्हता. स्वमग्न मुलांच्या आईवडिलांना ‘मग याला विशेष काय येतं?’ असे आजही विचारले जाते, त्यामागे अशा प्रतिमा आहेत.

हिंदी चित्रपटांनी विजेचा शॉक म्हणजे जागेपणी दिलेली शिक्षा अशी भीती रुजवली. या उपचारात भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध देतात; त्यांच्याविना तो देण्यास २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाई केली आहे.

मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी बुद्धीची ही अट मोडून काढली. ‘देवराई’मध्ये (२००४) स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषइतकीच (अतुल कुलकर्णी) त्याला सांभाळणारी बहीण महत्त्वाची आहे, तिची ओढाताण हाच कथेचा कणा. ‘अस्तु’मध्ये तर उलटाच प्रवास दिसतो. संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री यांची विद्वत्ता स्मृतिभ्रंशात विरत जाते. हत्तीमागे भरकटत गेलेल्या या म्हाताऱ्याला माहुताची बायको चन्नम्मा (अमृता सुभाष) लेकरासारखे सांभाळते. त्यांचे पांडित्य तिच्या गावीही नाही, आणि तिला त्याची गरजही पडत नाही. नैराश्यावरील ‘कासव’ला ६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळाले. आत्महत्येच्या काठावरून परतलेल्या तरुणाला त्यात आसरा मिळतो, तोही उलटतपासणीशिवाय. शास्त्रींची भूमिका करणारे आणि ‘कासव’च्या निर्मितीत सहभागी असलेले डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत.