आरएसएल आणि एएडी: दोन्ही राखीव पॅराशूट उघडतात, मग दोन कशाला?

स्कायडायव्हिंग शिकायला निघालेल्या मुलांच्या घरी एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "काही झालंच तर दुसरं पॅराशूट आपोआप उघडतं म्हणे." ऐकून आईच्या जिवाला जरा बरं वाटतं. वाक्य खोटंही नाही. पण विद्यार्थ्याच्या पाठीवरच्या बॅगेत राखीव पॅराशूट आपोआप उघडणारी साधनं दोन असतात, आरएसएल आणि एएडी, आणि दोघांचे प्रसंग अगदी वेगळे. एक जिथे कामाला येतं, तिथे दुसऱ्याला बहुतेक वेळा काही कळतच नाही. संभाजीनगर, लातूर, परभणीकडची जी मुलं बाहेर कोर्सला जाण्याआधी माझ्याकडे तयारीला येतात, त्यांच्यातली बरीच जण ही एकाच वस्तूची दोन नावं समजतात. पहिल्या उडीआधी हा गोंधळ निस्तरलाच पाहिजे.

आधी बॅग समजून घेऊ. एकाच बॅगेत दोन पॅराशूट असतात. खालच्या कप्प्यात मेन, म्हणजे रोजचं. वरच्या कप्प्यात रिझर्व्ह, म्हणजे राखीव. छातीवर उजव्या बाजूला लाल रंगाचं मऊ हँडल असतं, ते कटअवेचं. ते ओढलं की बिघडलेलं मेन खांद्यापासून सुटून उडून जातं. डाव्या बाजूला रिझर्व्हचं हँडल, बहुधा धातूचं. मेनमध्ये दुरुस्त न होणारा बिघाड दिसला की आधी लाल, मग धातूचं, हा क्रम विद्यार्थ्याकडून जमिनीवर इतक्या वेळा घोकून घेतात की झोपेतही हात बरोबर जावा. आरएसएल आणि एएडी ही दोन्ही या दुसऱ्या हँडलची कामं करतात. पहिल्या हँडलचं काम दोघांपैकी कुणीच करत नाही. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

आरएसएल म्हणजे रिझर्व्ह स्टॅटिक लाइन. इथे एनसीसीतून आग्र्याला पॅरा कोर्स करून आलेल्या मुलांची गफलत होते, कारण त्यांनी स्टॅटिक लाइन पाहिलेली असते. तिथली लाइन विमानाला बांधलेली असते आणि बाहेर पडताच मेन उघडते. आरएसएलचा विमानाशी संबंध नाही. ती एक साधी पट्टी असते. तिचं एक टोक मेनच्या रायझरला, म्हणजे पॅराशूटच्या दोऱ्या जिथे खांद्यावरच्या जाड पट्ट्यांत एकत्र येतात तिथे, अडकवलेलं असतं. दुसरं टोक रिझर्व्हचा कप्पा बंद ठेवणाऱ्या पिनेच्या तारेला. तुम्ही लाल हँडल ओढलं, मेन सुटलं, की जाता जाता रायझर ही पट्टी ताणतो आणि पिन निघते. रिझर्व्ह लगेच बाहेर. यात बॅटरी नाही, सेन्सर नाही. उंची किती आणि वेग किती हे तिला विचारायचंच नसतं.

एएडी हे मात्र यंत्र आहे. ऑटोमॅटिक ॲक्टिव्हेशन डिव्हाइस. बॅगेच्या आत छोटा डबा असतो, त्यात हवेचा दाब मोजणारा सेन्सर. दाबावरून उंची कळते, दाब किती झपाट्याने वाढतोय त्यावरून खाली येण्याचा वेग कळतो. ठरलेल्या उंचीच्या खाली असूनही माणूस ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पडत असेल, तर यंत्र छोटासा स्फोट करून एक पातं पुढे ढकलतं. ते पातं पिनेला हात लावत नाही. रिझर्व्हचा कप्पा ज्या दोरीच्या फासाने, म्हणजे क्लोजिंग लूपने, बंद ठेवलेला असतो तो फासच कापतं. त्यामुळे पिन अडकली असली तरी कप्पा उघडतो आणि आतलं स्प्रिंगचं छोटं पायलट शूट, म्हणजे रिझर्व्हला बाहेर खेचणारी छोटी छत्री, उसळून बाहेर पडतं. अशी यंत्रं आधीही होती, पण त्यांच्यावर अनुभवी लोकांचा फारसा भरवसा नसायचा. जर्मनीच्या हेल्मुट क्लॉथ यांनी १९९१ मध्ये सायप्रेस हे इलेक्ट्रॉनिक यंत्र बाजारात आणलं, आणि मग चित्र बदललं.

सायप्रेसचे आकडे बघा. अनुभवी उडीबाजांच्या मॉडेलमध्ये उंची २२५ मीटर आणि वेग सेकंदाला ३५ मीटर. विद्यार्थ्यांच्या मॉडेलमध्ये वेगाची अट फक्त १३ मीटर. पूर्ण फ्रीफॉलमध्ये, म्हणजे पॅराशूट न उघडता पडत, असाल तर २२५ मीटरवर, त्याहून हळू पण १३ च्या वर असाल तर ३०० मीटरवर. पोटावर पडणारा माणूस सेकंदाला साधारण ५४ मीटर खाली येतो. म्हणजे २२५ मीटरवर यंत्राने काम केलं तेव्हा जमीन चार सेकंदांवर असते. आईला जे "आपोआप" वाटतं ते इतक्या शेवटच्या क्षणाचं आहे. विद्यार्थ्याने मेन उघडायची उंची यापेक्षा कितीतरी वर, साधारण १,७०० मीटरवर असते, आणि बिघाड झाला तर निर्णय घ्यायची शेवटची उंची अमेरिकेच्या पॅराशूट असोसिएशनने विद्यार्थ्यांसाठी २,५०० फूट, म्हणजे साधारण ७६० मीटर, सांगितली आहे.

फरक खरा कळतो तो बिघाड समोर ठेवल्यावर.

समजा विद्यार्थी गोंधळला आणि त्याने मेन उघडलंच नाही. किंवा हँडल सापडलं नाही. मेन बॅगेतच, रायझर बॅगेतच, पट्टी ताणायला कुणी नाही. आरएसएल इथे पूर्ण निरुपयोगी. अशा वेळी एएडी हाच शेवटचा आधार. बेशुद्ध पडलेल्या माणसाचंही तसंच.

आता उलटं बघा. मेन उघडलं पण दोऱ्यांचा गुंता झाला, गिरक्या सुरू झाल्या. विद्यार्थ्याने हिंमत करून लाल हँडल ओढलं, मेन गेलं, आणि घाबरून दुसऱ्या हँडलपर्यंत हात पोचायला उशीर झाला. आरएसएल असेल तर तोवर रिझर्व्ह उघडत आलेलं असतं. ती नसेल आणि पाठीवर अनुभवी लोकांचं मॉडेल असेल, तर यंत्र वाट बघत बसतं, कारण कटअवेनंतर माणूस नव्याने पडायला लागतो. सेकंदाला ३५ मीटरचा वेग यायला जवळपास चार सेकंद आणि ७०-८० मीटर उंची खर्च होते. वर असताना हे चालून जातं. दीडशे मीटरवर कटअवे केलेल्याच्या हाती मग काही उरत नाही. एवढ्या खाली कटअवे करायचाच नसतो हे खरं, पण घाबरलेला माणूस अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं घड्याळ, बघतोच असं नाही, आणि नियम मोडला गेला तरी जीव वाचावा यासाठीच ही साधनं आहेत.

तिसरा प्रकार मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, आणि नेमका तोच लोक विसरतात. मेन उघडलंय, पण पूर्ण नाही. एक दोरी कापडावरून गेलीय, किंवा गाठ बसलीय. खाली येण्याचा वेग उतरण्यासाठी जास्त आहे, पण यंत्राच्या अटीत बसायला कमी. एएडीच्या दृष्टीने सगळं ठीक चाललंय. आरएसएलच्या दृष्टीने कटअवे झालेलाच नाही. दोन्ही गप्प. इथे फक्त लाल हँडलवर जाणारा हातच उपयोगी, आणि तो हात कुणाच्या वतीने कुठलंही यंत्र हलवत नाही. वेग थोडा जास्त असेल तर विद्यार्थ्यांचं यंत्र रिझर्व्ह उघडेलही, पण बिघडलेलं मेन अजून खांद्यावरच असतं, आणि त्यात रिझर्व्ह गुंतण्याचा धोका असतो.

जालन्यात एका मित्राच्या जिनिंगच्या शेडमध्ये तुळईला हार्नेस, म्हणजे अंगावर बांधायचे पट्टे, टांगून आम्ही हे घोकून घेतो. मुलगा लटकलेला, मी त्याच्या चेहऱ्यासमोर बिघडलेल्या कॅनॉपीचे, म्हणजे डोक्यावर उघडलेल्या पॅराशूटचे, फोटो धरतो. बीडचा एक हुशार, धडधाकट मुलगा अशाच अर्धवट उघडलेल्या कॅनॉपीचा फोटो बघून थांबून राहिला. मी म्हटलं, "काय रे, हात?" तो म्हणाला, "सर, एएडी आहे की." त्याचा आवाज अगदी निश्चिंत होता. मी त्याला खाली उतरवून आधी चहा पाजला आणि मग वरचे तिन्ही प्रसंग कागदावर काढून दिले. पुढच्या फोटोला त्याची नजर आधी लाल हँडलवर गेली, मग दोन्ही हात, मग ओढलं, मग नजर धातूच्या हँडलवर. हार्नेसच्या पट्ट्या मांड्यांत रुतत होत्या, तरी त्याने स्वतःहून पुन्हा पुन्हा केलं.

शेतकरी घरातल्या मुलांना मी विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या ऑटोचं उदाहरण देतो. लाईट आली की ऑटो मोटार चालू करतो. विहिरीत पाणी आहे का हे त्याला दिसत नाही, त्यासाठी वेगळा डबा लागतो. आरएसएल हा ऑटोसारखा आहे: एक घटना घडली की चालू. एएडी परिस्थिती बघतं. एवढं सांगितलं की गंगाखेडच्या पोराला परत समजवावं लागत नाही.

एएडीची एक गोष्ट आपल्या भागातल्या माणसाने विशेष समजून घ्यावी. यंत्र चालू करताना ते जिथे आहे ती जमीन शून्य धरतं. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटरवर आहे, नांदेड सुमारे ३६० वर. समजा कुणी नांदेडला यंत्र चालू केलं, गाडीत टाकलं आणि लातूरला येऊन तसंच उडी मारली. यंत्राच्या हिशेबाने काम करायची उंची ३६० अधिक २२५, म्हणजे ५८५ मीटर. लातूरची जमीनच त्याच्या वर आहे. यंत्र कधीच काम करणार नाही, आणि पडद्यावर मात्र ते चालू दिसत राहील. उलट दिशेने गेलात तर नांदेडच्या जमिनीपासून ४९५ मीटरवर ते काम करेल, म्हणजे अपेक्षेपेक्षा बरंच लवकर. हवामानामुळे जमिनीवरचा दाब हळूहळू बदलतो तो यंत्र स्वतः सांभाळून घेतं, पण घाट उतरून जाणारी गाडी त्याच्या हिशेबात नसते. म्हणून नियम सोपा: यंत्र ड्रॉपझोनच्या, म्हणजे जिथे उडी मारून उतरायचं त्या जागेच्या, जमिनीवर चालू करायचं, आणि मध्ये तिथून बाहेर जाऊन आलात तर बंद करून पुन्हा चालू करायचं. आरएसएलला लातूर काय आणि नांदेड काय, सारखंच.

आरएसएलचा त्रास होतो तो जमिनीवर. चैत्र-वैशाखात दुपारी मोकळ्या रानात वावटळी उठतात हे आपल्याला सांगायला नको. जोराच्या वाऱ्यात उतरलेली मोठी विद्यार्थी कॅनॉपी पुन्हा फुगते आणि माणसाला ढेकळांतून फरफटत नेते. आधी एकाच बाजूचा ब्रेक दोरीसकट ओढून घ्यायचा, कॅनॉपी बहुतेक वेळा पडते. तरीही फरफट थांबत नसेल तर कटअवे, पण आरएसएल जोडलेली असताना कटअवे केला की रिझर्व्हही बाहेर येतं आणि त्याच वाऱ्यात तेही फुगू शकतं. म्हणून पट्टीला एक झटक्यात सुटणारी कडी दिलेली असते. आधी ती सोडायची. हवेत दुसऱ्याच्या कॅनॉपीत गुंतलात तरी कटअवेआधी तिचा विचार करावा लागतो. पहिल्या काही उड्यांत विद्यार्थ्याने या कडीला स्वतःच्या मनाने हात लावू नये. कधी सोडायची हे इन्स्ट्रक्टरने शिकवलं असेल तेव्हाच.

एएडीची जमिनीजवळची अडचण वेगळी. विद्यार्थ्यांच्या मॉडेलला १३ मीटरचा वेग पुरतो, आणि कमी उंचीवर जोरात गिरकी घेतली की चांगल्या कॅनॉपीखालीही तेवढा वेग येऊ शकतो. मग डोक्यावर धडधाकट मेन असताना रिझर्व्हही उघडतं. दोन कॅनॉपी एकत्र सांभाळणं विद्यार्थ्याला जड जातं. हवा बिघडली म्हणून विमानातूनच खाली यायची वेळ आली, तर वैमानिकाने झपाट्याने उंची सोडल्यावरही हे यंत्र काम करू शकतं, म्हणून असं परतताना इन्स्ट्रक्टर ते बंद करतात. त्यांनी विसरून जाऊ नये म्हणून आपण विचारलेलं चांगलं.

किमतीत मोठा फरक आहे. नवं एएडी लाखाच्या घरात जातं, वर त्याची मुदत ठरलेली. आरएसएलची पट्टी त्यापुढे किरकोळ. लायसन्सनंतर स्वतःची जुनी रिग, म्हणजे दोन्ही पॅराशूटसकट पूर्ण बॅग, घेणारी मुलं महागडं एएडी घेतात आणि आरएसएल काढून टाकतात, "यंत्र आहे ना" म्हणून. मला हे पटत नाही. कॅमेरा लावून उडणाऱ्यांची कारणं वेगळी असतात. पण पन्नासएक उड्या झालेल्या माणसाला कमी उंचीवरच्या कटअवेत जे वाचवतं ते तोच काढून ठेवतो. अमेरिकेच्या असोसिएशनच्या नियमांत विद्यार्थ्याच्या रिगवर दोन्ही असणं बंधनकारक आहे, आणि माझ्या मते सुरुवातीची काही वर्षं तरी ते तसंच राहू द्यावं.

दोन्ही साधनं एकाच रिझर्व्हपाशी येऊन थांबतात. रिगरने, म्हणजे रिझर्व्हची घडी करणाऱ्या तज्ज्ञाने, ते नीट घडी केलेलं नसेल तर पिन निघो की लूप कापला जावो, उपयोग सारखाच शून्य. म्हणून रिग अंगावर चढवण्याआधी घडीची तारीख असलेलं कार्ड बघायला मागा. मग इन्स्ट्रक्टरबरोबर तीन जागा डोळ्यांनी बघा: पिन सरळ आहे का, आरएसएलची कडी रायझरच्या कड्यात आहे का, एएडीच्या पडद्यावर बरोबर आकडा आहे का. विमानात बसण्याआधी हेच पुन्हा, आणि दार उघडण्याआधी आणखी एकदा. इन्स्ट्रक्टर चिडेल म्हणून संकोच करू नका. चांगला इन्स्ट्रक्टर यासाठी कधी चिडत नाही, आणि चिडलाच तर त्या दिवशी उडी न मारता खाली उतरा.