गाडी चोवीसपट लहान, रेणू तेवढेच

1200 किलोची गाडी 1:24 प्रमाणात लहान केली तर तिचं वजन किती भरेल? 1200 भागिले 24, म्हणजे 50 किलो, असं उत्तर चटकन तोंडावर येतं. पण लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही 24 पटींनी कमी झाल्यावर घनफळ 24 × 24 × 24 म्हणजे 13,824 पटींनी कमी होतं. त्यामुळे वजन उरतं जेमतेम 87 ग्रॅम.

आता हे 87 ग्रॅम चार टायरांवर कसे पेलले जातात ते बघा. वजन 13,824 पटींनी घटलं, पण टायर जमिनीला जिथे टेकतो ते क्षेत्रफळ 24 × 24 म्हणजे 576 पटींनीच घटलं. म्हणून टायरवरचा दाब खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढाच उरतो. रबर मात्र 24 पटींनी मऊ झालेलं नसतं. खऱ्या गाडीचा टायर खाली किंचित चपटा होतो आणि बाजूला फुगतो. मॉडेलचा टायर गरगरीत गोल राहतो, आणि इतर सगळं अचूक असूनही गाडी टेबलावर तरंगल्यासारखी दिसते. जाणते लोक टायरचा तळ सँडपेपरवर थोडासा घासून सपाट करतात. एवढ्यावर गाडीला एकदम वजन येतं.

मॉडेल गाड्यांच्या छंदातल्या बहुतेक अडचणींचं मूळ इथेच आहे. आकार लहान करता येतो. रबराचा कडकपणा, रंगाचा पृष्ठताण आणि प्रकाशाची तरंगलांबी लहान करता येत नाही. हे एकदा लक्षात आलं की किटमधल्या, म्हणजे सुटे भाग जोडून गाडी बनवायच्या संचातल्या, सूचनापत्रिकेत न लिहिलेल्या कितीतरी गोष्टींची कारणं आपोआप उलगडतात. हा छंद म्हणजे पदार्थविज्ञानाची एक उत्तम प्रयोगशाळा आहे असं मला मनापासून वाटतं.

किटचे सुटे भाग पॉलिस्टायरीनचे असतात. हे प्लास्टिक वितळवून मोठ्या दाबाखाली पोलादी साच्यात भरतात. ते थंड होताना अर्ध्या टक्क्याच्या आसपास आक्रसतं. जिथे भाग जाड, तिथे आतलं प्लास्टिक उशिरा थंड होतं आणि वरचा पृष्ठभाग आत ओढून घेतं. बॉनेटवर किंवा दारावर दिसणारा उथळ खळगा असा तयार होतो. साच्याचे तुकडे जिथे एकमेकांना भिडतात तिथे बारीक उंचवट्याची रेघ उमटते. गाडीची बॉडी चारही बाजूंनी वळलेली असल्यामुळे तिचा साचा बाजूंना सरकणाऱ्या तुकड्यांचा करावा लागतो आणि या रेघा नेमक्या मडगार्डवरून, छताच्या कडांवरून जातात. खऱ्या गाडीवर त्या नसतात. म्हणून रंगाआधी त्या शोधून घासून काढायच्या. चकचकीत रंगाखाली त्या लपत नाहीत, उलट जास्त उठून दिसतात.

जाडीची अडचण याहून मोठी. खऱ्या गाडीचा पत्रा 0.7 ते 0.8 मिलिमीटर जाड असतो. त्याचा चोविसावा भाग 0.03 मिलिमीटर होतो. इतक्या अरुंद फटीत वितळलेलं प्लास्टिक शिरण्याआधीच गोठेल, म्हणून किटची बॉडी एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड ओततात. खऱ्या मापात हा 24 मिलिमीटरचा पत्रा झाला! यावरचा उपाय मला फार आवडतो. डोळा जाडी फक्त कडेला वाचतो. चाकाच्या कमानीची आणि बॉनेटची कड आतून तिरकी खरवडून पातळ केली की सगळी बॉडी पत्र्याची वाटू लागते.

मग चिकटवणं. पॉलिस्टायरीनसाठीचं पातळ सिमेंट नेहमीच्या अर्थाने डिंक नाहीच. ते ब्युटाइल ॲसिटेटसारखं द्रावक असतं. दोन भाग जुळवून ब्रशचं टोक सांध्याला लावलं की केशाकर्षणाने ते फटीत आपसूक ओढलं जातं आणि दोन्ही पृष्ठभाग विरघळवतं. पॉलिस्टायरीनच्या लांबलचक रेणुसाखळ्या सैल होतात, समोरच्या भागातल्या साखळ्यांमध्ये शिरून गुंततात, आणि द्रावक उडून गेलं की तिथे दोन भाग उरतच नाहीत. रंगवलेल्या किंवा क्रोम चढवलेल्या पृष्ठभागावर मात्र सिमेंटला प्लास्टिकच भेटत नाही; तिथला थर आधी खरवडावा लागतो.

या जोडाला वेळ द्यावा लागतो तो भाग हलू नये म्हणून नव्हे. भाग काही मिनिटांत पक्का वाटतो, पण आत जिरलेलं द्रावक पूर्ण बाहेर पडायला कित्येक दिवस लागतात. तोवर सांध्यातलं प्लास्टिक किंचित फुगलेलं असतं. ते घासून सपाट केलं, रंगवलं, आणि नंतर उरलेलं द्रावक निघून गेलं की सांधा आत बसतो. गुळगुळीत रंगाखाली एक रेघ उगवते. फटी भरायची नळीतली पुट्टीसुद्धा याच कारणाने आक्रसते. दोन भाग मिसळून रासायनिक क्रियेने कडक होणाऱ्या इपॉक्सी पुट्टीत उडून जाण्यासारखं फारसं काही नसतं, म्हणून मोठ्या भरावासाठी तीच घ्यावी.

रेणूंचं हे येणंजाणं मॉडेल पूर्ण झाल्यावरही थांबत नाही. अनेक जुन्या किटमधले टायर मऊ केलेल्या पीव्हीसीचे असत. त्याला मऊपणा देणारं तेलकट रसायन साखळ्यांना पक्कं बांधलेलं नसतं. ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपतं आणि टेकलेल्या पॉलिस्टायरीनला मऊ करतं. कपाटात नीट ठेवलेल्या गाडीची चाकं टायरच्या आत वितळल्यासारखी सापडतात ती यामुळे. मध्ये पातळ धातूच्या पट्टीचा अडसर ठेवला तर ही झीज टळते. लाल प्लास्टिकच्या बॉडीवर पांढरा रंग मारला की तो काही दिवसांत गुलाबी होतो, त्यामागेही अशीच हालचाल असते: रंगातल्या द्रावकात प्लास्टिकमधलं रंगद्रव्य विरघळून वर येतं.

रंगकामात मात्र या छंदाची खरी कसोटी लागते. कारखान्यातून निघालेल्या गाडीवरचे रंगाचे सगळे थर मिळून 100 ते 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात. प्रमाणात बोलायचं तर मॉडेलवर 4 ते 6 मायक्रॉन हवेत, आणि ते शक्य नाही. प्रायमर (रंगाखालचा अस्तर-थर), रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मिळून 60 मायक्रॉन झाले असं धरलं तरी तो खऱ्या गाडीवर जवळजवळ दीड मिलिमीटरचा लेप ठरेल. दार आणि बॉडीमधली फट खऱ्या गाडीवर 4 मिलिमीटर असेल, तर मॉडेलवर ती 0.17 मिलिमीटर हवी. दोन्ही बाजूंनी 0.06 चढले की फट बुजलीच म्हणायची. म्हणून रंगाआधी दारांच्या रेषा टोकदार हत्याराने पुन्हा कोरून खोल करतात. त्यात पृष्ठताणाची भर असते. ओला रंग धारदार कडेवरून मागे हटतो आणि खाचेत गोळा होतो. पॉलिश करताना रंग सर्वात आधी कडांवरून निघतो याचं कारण तिथे तो मुळातच पातळ बसलेला असतो.

एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबावर रंग फवारणाऱ्या छोट्या हत्याराने, रंग अत्यंत बारीक थेंबांत फुटतो, आणि थेंब जितका लहान तितका तो झपाट्याने सुकतो. व्यास निम्मा झाला तर सुकण्याचा वेळ साधारण एक चतुर्थांशावर येतो. फार लांबून फवारलं तर थेंब वाटेतच अर्धवट सुकतो आणि धुळीसारखा बसतो. फार जवळून फवारलं तर ओघळतो. या दोहोंच्या मध्ये असं एक अंतर सापडतं जिथे थेंब ओले पोहोचतात, एकमेकांत मिसळतात आणि पृष्ठताण त्यांना सपाट ओढतो. पृष्ठताण इथे मदतीला येतो. ते अंतर रंग, थिनर, हवेचा दाब आणि खोलीचं तापमान या सगळ्यांवर ठरतं, त्यामुळे आधी प्लास्टिकच्या चमच्यावर चाचणी घेणं उत्तम. लॅकरची, म्हणजे तीव्र द्रावकातल्या रंगाची, वाफ फुफ्फुसांना घातक असते, त्यामुळे योग्य गाळणीचा मास्क आणि खेळती हवा यांत तडजोड करू नये.

मेटॅलिक रंगात मापाचा मुद्दा उघड्या डोळ्यांना दिसतो. खऱ्या गाडीच्या रंगातले ॲल्युमिनियमचे कण 20 मायक्रॉनचे धरले, तर मॉडेलवर ते खऱ्या मापातल्या अर्ध्या मिलिमीटरच्या चकत्या होतात. गाडी धातूची न दिसता चमकी शिंपडल्यासारखी दिसते. मॉडेलसाठीच्या चांगल्या मेटॅलिक रंगात कण म्हणूनच कितीतरी बारीक दळलेले असतात.

आणि चकाकी? दृश्य प्रकाशाची तरंगलांबी 0.4 ते 0.7 मायक्रॉन. पृष्ठभागावरचे चरे त्याहून बरेच लहान झाले की प्रकाश विखुरत नाही, आरशासारखा परततो. 2000 नंबरच्या पॉलिश पेपरचे कण 10 मायक्रॉनच्या आसपास असतात, त्यामुळे तिथे थांबलं तर पृष्ठभाग सपाट पण मंद दिसतो. त्यापुढे अधिक बारीक कापड, मग पॉलिशची पेस्ट, असं उतरत जावं लागतं. घासून झालेल्या क्लिअरमध्ये दिव्याचं प्रतिबिंब हळूहळू रेखीव होत जाताना पाहणं हा या छंदातला माझा सर्वात आवडता टप्पा.

गाडी जशीच्या तशी बनवण्यापेक्षा बदलून बनवण्यात ज्यांना रस आहे, त्यांची परंपरा जुनी आहे. अमेरिकेतल्या एएमटी कंपनीने 1958 मध्ये ‘थ्री इन वन’ किट आणले: त्याच खोक्यातून मूळ रूपातली, कस्टम (आपल्या आवडीने बदललेली) किंवा शर्यतीची गाडी बनवता येई. आजही वेगवेगळ्या किटचे भाग एकत्र करणं हा कस्टम कामाचा कणा आहे. अमेरिकी किट बहुधा 1:25 असतात, जपानी बहुधा 1:24. हा चार टक्क्यांचा फरक इंजिनात पचून जातो, पण 4.8 मीटरच्या गाडीची बॉडी एका मापात 192 आणि दुसऱ्यात 200 मिलिमीटर होते. तिथे तो लपत नाही.

कस्टम कामातलं सर्वात देखणं आव्हान म्हणजे छत खाली उतरवणं, ज्याला टॉप चॉप म्हणतात. 1949 ते 1951 च्या मर्क्युरी गाड्यांवर खऱ्या जगातल्या कारागिरांनी ते गाजवलं. वरवर पाहता काम सोपं: खिडक्यांमधल्या खांबांचे 4 मिलिमीटर कापायचे आणि छत खाली बसवायचं. खऱ्या मापात हे सुमारे चार इंच. पण खांब सरळ उभे नसतात. पुढच्या काचेचे खांब 45 अंशांत कललेले असतील, तर 4 मिलिमीटर खाली आलेलं छत खांबाच्या खालच्या तुकड्यापासून 4 मिलिमीटर मागे पडतं. मागच्या काचेकडेही तसंच, उलट दिशेने. खांब आतल्या बाजूलाही झुकलेले असल्याने रुंदीही जुळत नाही. मग छत आडवं-उभं चिरून मध्ये प्लास्टिकच्या पट्ट्या घालायच्या, किंवा खांबांना मुळाशी खाच देऊन त्यांचा कल वाढवायचा. मला दुसरा मार्ग अधिक सुंदर वाटतो, कारण काच जास्त झुकल्याने गाडीची सगळी रेषाच वेगवान होते. पण फार उभ्या काचेच्या गाडीला तो शोभत नाही, तिथे छतच लांबवावं. कापण्याआधी कागदावर बाजूची आकृती काढून बघणं कधीही चांगलं.

छत उतरलं की किटमधल्या काचा निकामी होतात. नव्या काचा पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ शीटमधून कापायच्या. त्या बसवताना सायनोॲक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा सुपरग्लू, हाताशी असला तरी घेऊ नये. 1942 मध्ये कोडॅकमध्ये हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत असताना हे रसायन हाती लागलं, पण ते ज्याला त्याला चिकटत असल्याने तेव्हा बाजूला ठेवलं गेलं. हवेतल्या ओलाव्याने त्याच्या साखळ्या बनतात. त्याची वाफही काचेवर बसून तशीच कडक होते आणि पांढरी धुकट साय धरते. लाकडासाठीचा पांढरा पीव्हीए डिंक इथे पुरतो. काचेवर भार नसतो, तो वाळल्यावर पारदर्शक होतो, आणि जास्त लागलेला ओला असतानाच भिजवलेल्या काडीने पुसता येतो.