सीमा उघडल्या, रूळ अडले: युरोपीय वाहतूक धोरणाची पार्श्वभूमी

सदस्य देशांचं सामायिक वाहतूक धोरण आखायचं, असं युरोपीय आर्थिक समुदाय (आजच्या युरोपीय संघाचा पूर्वज) स्थापन करणाऱ्या १९५७ च्या रोम करारातच ठरलं होतं. पण आपापली रेल्वे आणि आपापले ट्रकवाले सांभाळण्याच्या नादात सदस्य देशांनी ते जवळपास तीन दशकं कागदावरच ठेवलं. अखेर युरोपीय संसदेनेच सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेला कोर्टात खेचलं. २२ मे १९८५ रोजी युरोपीय न्यायालयाने परिषदेवर कर्तव्यात कसूर केल्याचा ठपका ठेवला आणि चाकं फिरू लागली.

फिरली ती मुख्यतः रस्त्यावर. परक्या देशात तिथल्या तिथे माल वाहण्याची पूर्ण मुभा ट्रकना १ जुलै १९९८ पासून मिळाली. रेल्वेसाठी १९९१ च्या निर्देशाने रूळ आणि गाड्या यांचे हिशेब वेगळे करायला लावले. हिशेब वेगळे केल्याने तारेतली वीज थोडीच बदलते! ऑस्ट्रियात १५ किलोव्होल्ट एसी, इटलीत ३ किलोव्होल्ट डीसी. म्हणजे दोन्ही देशांच्या सीमेवरच्या ब्रेनर खिंडीत इंजिन बदला, नाहीतर दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारं महागडं इंजिन घ्या. शिवाय सिग्नल वेगळे, चालकाला लागणारी भाषा वेगळी. युरोपीय आयोगाच्या २००१ च्या वाहतूकविषयक श्वेतपत्रिकेत आंतरराष्ट्रीय मालगाड्यांचा सरासरी वेग ताशी १८ किलोमीटर दिला आहे, बाल्टिक समुद्रात बर्फ फोडत जाणाऱ्या जहाजापेक्षाही कमी! मालवाहतुकीतला रेल्वेचा वाटा १९७० मध्ये २१ टक्के होता, तो १९९८ मध्ये ८.४ टक्क्यांवर आला.

युरोपीय संघात येऊ पाहणाऱ्या पूर्वेकडच्या उमेदवार देशांत मात्र तो अजून ४० टक्क्यांच्या आसपास होता. कोळसा आणि पोलादाभोवती उभ्या राहिलेल्या नियोजित अर्थव्यवस्थेचा तो वारसा. २०१० पर्यंत निदान ३५ टक्के टिकवावा, असं श्वेतपत्रिकेने सुचवलं. त्याआधी १९९४ ला क्रीट आणि १९९७ ला हेलसिंकी इथल्या परिषदांत पूर्वेकडे जाणाऱ्या दहा वाहतूक मार्गिकाही आखल्या होत्या. पण मालाचं स्वरूपच पालटत होतं. कोळशाच्या वाघिणी दोन दिवस उशिरा आल्या तरी चालतं; जुळणीच्या कारखान्याला सुटे भाग ठरल्या तासाला लागतात. १ मे २००४ रोजी दहा देश संघात आले आणि सीमेवरची सीमाशुल्काची रांगही गेली. फायदा साहजिकच ट्रकचा झाला.

एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया या बाल्टिक देशांची अडचण आणखी खोल. त्यांचे रूळ रशियन मापाचे, १५२० मिलिमीटर, पोलंडचे १४३५. त्यामुळे सीमेवर कंटेनर उचलून दुसऱ्या वाघिणीवर ठेवा किंवा डब्याखालची चाकं बदला. यावर उतारा म्हणून एस्टोनियाची राजधानी तालिनपासून लिथुआनिया-पोलंड सीमेपर्यंत १४३५ मापाचा सुमारे ८७० किलोमीटरचा रेल बाल्टिका मार्ग बांधला जात आहे. त्याची आधीची मुदत हुकली. आता लक्ष्य २०३० चं, तेही पहिल्या टप्प्यापुरतं.