नाडी उतरली म्हणजे बीपी सावरलं असं नव्हे

बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी भरतीची तयारी करणारी पोरं १६०० मीटर मारतात, रेघ ओलांडतात आणि जागच्या जागी थांबून मनगटावरचं घड्याळ बघतात. पल्स १८० वरून १४० वर! मस्त रिकव्हरी! तेवढ्यात त्यातल्या एकाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते आणि तो कोसळतो. मग घरचे त्याला तपासणीला आणतात आणि टीएमटीच्या (सरकत्या पट्ट्यावर चालवून-पळवून हृदय तपासायची चाचणी) पट्ट्याशेजारी उभ्या असलेल्या मला विचारतात, "मॅडम, पल्स तर छान उतरत होती, मग भोवळ कशी आली?"

नाडी आणि बीपी एकाच दोरीला बांधलेले आहेत, असं धरून चालल्यामुळे हा प्रश्न पडतो. ते तसे बांधलेले नाहीत.

नाडीचं तुम्हाला बहुतेक ठाऊक असतं. थांबल्यावर व्हेगस नस हृदयाला ब्रेक लावते आणि ठोके उतरतात. टीएमटीनंतर हळू चालत असताना पहिल्या मिनिटात १२ किंवा त्याहून कमी ठोके उतरले, तर आम्ही रिपोर्टमध्ये त्याची नोंद करतो. माणसाला लगेच आडवं केलं असेल तर हाच आकडा १८ धरतात. बीटा ब्लॉकरची, म्हणजे ठोके मंदावणारी गोळी चालू असेल तर हे आकडे जपूनच वाचायचे. नाडीबद्दल इतकं पुरे.

खरी गोम बीपीत आहे. पळताना मांड्या-पोटऱ्यांतल्या रक्तवाहिन्या चांगल्याच रुंदावतात. विश्रांतीत हृदयातून निघालेल्या रक्ताचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून कमी स्नायूंकडे जातो. जीव तोडून पळताना हा वाटा ८० टक्क्यांच्या घरात पोचतो. पायांत उतरलेलं हे रक्त वर ढकलायचं काम पोटऱ्या करतात. दर पावलाला पोटरी आवळते, शिरा पिळल्या जातात आणि आतल्या झडपा रक्ताला खाली परतू देत नाहीत. पाय थांबले की हा पंप त्याच क्षणी बंद पडतो. रक्तवाहिन्या मात्र इतक्या लवकर आवळत नाहीत, बराच वेळ रुंदच राहतात. रक्त पायांत साचतं, हृदयाकडे कमी परततं, दर ठोक्याला कमी बाहेर पडतं आणि वरचं बीपी घसरतं. व्यायामानंतर बीपी थोडं उतरणं स्वाभाविकच आहे. उभ्या माणसाचं ते झपाट्याने कोसळलं, तर मेंदूला रक्त पुरत नाही.

या घसरणीत शरीर आधी नाडी वाढवून तोल सांभाळायला बघतं. म्हणजे त्या घटकेला चढी राहिलेली नाडी हा बचावही असू शकतो. ज्यांना भोवळीची खोड आहे, त्यांच्यात पुढे उलटंच घडतं: व्हेगस एकदम जोर धरते, रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी आणि बीपी दोन्ही खाली येतात. घड्याळाला यातली फक्त उतरती नाडी दिसते आणि ते शाबासकी देतं! म्हणून भोवळ येणाऱ्या माणसाने घड्याळावर भरवसा ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट, जिचा मला मनापासून राग येतो: पडलेल्याला चौघांनी काखेत धरून उभं करणं. अरे, तो आडवा झाला म्हणूनच रक्त मेंदूपर्यंत पोचतंय! त्याला झोपू द्या, पाय वर उचला, भोवतीची गर्दी हटवा. पुढे दवाखान्यात अर्ध्या तासाने झोपवून बीपी मोजतात, ते १२०/८० भरतं आणि "बीपी नॉर्मल होतं" असं घरभर होतं. ते झोपलेल्या माणसाचं बीपी झालं. उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला, तर उत्तर तिथेच सापडेल.

टीएमटीतही हेच. भोवळीसाठी आलेल्या रुग्णाला पट्टा थांबताच पलंगावर झोपवलं, तर जे शोधायचं तेच झाकलं जातं. डॉक्टर शेजारी असताना, नीट धरून, त्याला काही मिनिटं उभं ठेवून बीपी घेत राहावं, अशी माझी पसंती. त्या अवस्थेत बीपी फार घसरून भोवळ आली, तर निदान पक्कं होतं.

हे सगळं थांबल्यावर येणाऱ्या भोवळीबद्दल झालं. पळता पळता, पाय चालू असतानाच कोसळणाऱ्याला यात धरू नका. तिथे हृदयाची झडप अरुंद असणं, हृदयाचा स्नायू जाड असणं किंवा ठोक्यांची लय बिघडणं, असं काहीही निघू शकतं. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) होईपर्यंत भरतीचा सराव बंद.

बाकीच्यांनी रेघ ओलांडल्यावर थांबू नये. पाच-दहा मिनिटं मैदानाच्या कडेने चालत राहावं, पाणी प्यावं. राजहंसगड चढून वर फोटोला उभ्या राहणाऱ्या काका-काकूंनीही, विशेषतः बीपीच्या गोळ्या चालू असतील तर, आधी थोडं फिरून घ्यावं. अंधारी आलीच तर पाय एकमेकांवर टाकून मांड्या घट्ट आवळाव्यात, आणि तरीही सावरत नसेल तर लाज न बाळगता तिथेच जमिनीवर आडवं व्हावं.