एथिक्स कमिटीची मंजुरी: मेडिकलच्या पोरांचे अर्ज नेमके अडकतात कुठे

आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एसटीएस, म्हणजे एमबीबीएस-बीडीएसच्या मुलांसाठीचा दोन महिन्यांचा रिसर्च, 1979 पासून चालू आहे. हल्ली बरेच जण त्यात सामाजिक विषय घेतात, टीबीच्या पेशंटला घरात वेगळं वागवतात का, बायकांना ऑपरेशनचा निर्णय स्वतः घेता येतो का वगैरे. विषय चांगले असतात, पण कॉलेजच्या एथिक्स कमिटीकडून, म्हणजे अभ्यासात भाग घेणाऱ्यांच्या हक्कांना धक्का लागत नाही ना हे बघणाऱ्या समितीकडून, अर्ज परत येतात.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे "आमची नुसती प्रश्नावली आहे, रक्तबिक्त काही घेत नाही, मग मंजुरी कशाला?" लागते! आयसीएमआरच्या 2017 च्या गाइडलाइन्समध्ये कमी धोक्याच्या अभ्यासाला सूट किंवा झटपट रिव्ह्यू आहे, पण सूट द्यायची की नाही हे कमिटी ठरवते, तुम्ही किंवा तुमचे सर नाही. आणि डेटा आधी गोळा करून मग गेलात तर विषय संपला, मागच्या तारखेची मंजुरी मिळत नाही.

प्रोटोकॉल (अभ्यासाचा लेखी आराखडा), प्रश्नावली, गाइडचा सीव्ही, एचओडीची (विभागप्रमुखांची) सही हे सगळ्यांकडे असतं. घोळ होतो मराठी संमतीपत्रात. सीनियरच्या फाइलमधून उचललेलं असतं, त्यामुळे नुसत्या गप्पा मारायच्या अभ्यासात "सुई टोचताना थोडं दुखेल" असं वाक्य तसंच राहतं आणि संपर्काच्या जागी फुल्या. कमिटीत एक वकील आणि एक सामान्य माणूस असतो, ते नेमकं हेच वाचतात. अभ्यासात भाग घ्यायला नाही म्हटलं तरी उपचार थांबणार नाहीत, हे वाक्य साध्या मराठीत हवंच. सही येत नसेल तर अंगठा चालतो, पण शेजारी तटस्थ साक्षीदाराची सही पाहिजे, तुमच्या प्रोजेक्टमधल्या मित्राची नाही. 18 खालची मुलं असतील तर पालकांची संमती, शिवाय 7 वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची तयारी, 12 नंतर ती लेखी.

दुसरा अडथळा परवानगीपत्राचा. पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) किंवा शाळेत जायचं असेल तर तिथले म्हणतात आधी कमिटीचं पत्र आणा, कमिटी म्हणते आधी त्यांचं आणा, आणि पोरगं बिचारं मधल्यामध्ये हेलपाटे घालतं. यावर "कमिटीच्या मंजुरीच्या अधीन राहून हरकत नाही" एवढ्या एका ओळीचं पत्र मागा, ते द्यायला साहेबांना सहसा जड जात नाही.

तारखेचं पण नीट बघा. मीटिंगची तारीख वेगळी आणि कागद आत जायची तारीख वेगळी, दुसरी बरीच आधी असते. अध्यक्ष कॉलेजबाहेरचे असतात, त्यांना वेळ नसला की मीटिंग पुढे जाते आणि कुणी तुम्हाला फोन करून सांगत नाही. एसटीएसला निवड झाली म्हणजे कॉलेजची मंजुरी आपोआप मिळाली असंही नाही, दोन्ही वेगळं आहे.

मंजुरी आल्यावर एखादा प्रश्न जरी बदलला तरी कमिटीला कळवून परत होकार घ्यायचा आणि तोपर्यंत जुनीच प्रश्नावली वापरायची.