धूमकेतू-वाद (१६१९–१६२६)

१६१८ मध्ये युरोपच्या आकाशात एकामागून एक तीन धूमकेतू दिसले. त्यांच्या स्वरूपावरून गॅलिलिओ गॅलिली आणि जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातील गणितज्ञ ओराझिओ ग्रासी यांच्यात झालेला लेखी वाद हे आद्य आधुनिक विज्ञानातील व्यक्तिगत खंडनलेखनाचे ठळक उदाहरण होय. रोममधील कोलेजिओ रोमानो या जेझुइटांच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या ग्रासी यांनी १६१९ मध्ये निनावी छापलेल्या व्याख्यानात असे प्रतिपादन केले, की वेगवेगळ्या ठिकाणांहून पाहताना धूमकेतूच्या स्थानात दिसणारा फरक (पराशय) अत्यल्प असल्यामुळे तो चंद्राच्या पलीकडे असला पाहिजे. या व्याख्यानात गॅलिलिओंचा उल्लेखही नव्हता. तरी त्याच वर्षी त्यांचे शिष्य मारिओ ग्विदुच्ची यांच्या नावाने, पण बहुतांशी स्वतः गॅलिलिओंनी लिहिलेले खंडन प्रसिद्ध झाले. धूमकेतू ही खरी वस्तू नसून इंद्रधनुष्यासारखा प्रकाशाचा आभास असू शकेल आणि तसे असल्यास पराशयावरून त्याचे अंतर काढता येणार नाही, असा त्यातील मुख्य आक्षेप होता. ग्रासी यांनी ‘लोतारिओ सार्सी’ हे टोपणनाव घेऊन व स्वतःचाच शिष्य असल्याचे भासवून, ग्विदुच्चींना बाजूला सारत थेट गॅलिलिओंवर हल्ला चढवला.

१६२३ मध्ये लिंचेई अकादमी या रोममधील विद्वत्संस्थेने प्रसिद्ध केलेल्या ‘इल साज्जातोरे’ (‘पारखी’) या ग्रंथात गॅलिलिओंनी सार्सीचा मूळ लॅटिन मजकूर तुकड्यातुकड्याने उद्धृत करून प्रत्येकाला इटालियनमध्ये उत्तर दिले. मुखवटा घालून आलेल्या अनोळखी माणसाशी मोकळेपणाने बोलण्याची मुभा आपल्याला आहे, अशी भूमिका घेऊन त्यांनी उपहासाला वाट करून दिली. बॅबिलोनचे लोक गोफणीत अंडी गरगर फिरवून शिजवत, हा जुना दाखला सार्सीने घर्षणजन्य उष्णतेसाठी दिला होता. त्यावर गॅलिलिओ म्हणतात, की आपल्याकडे अंडी आहेत, गोफणी आहेत आणि त्या फिरवणारे दणकट गडीही आहेत. तरीही अंडी शिजत नाहीत, म्हणजे आपण बॅबिलोनचे नाही एवढीच काय ती उणीव. निसर्गाचा ग्रंथ गणिताच्या भाषेत लिहिलेला आहे, हे प्रसिद्ध विधानही याच ग्रंथातले आहे. विज्ञानाच्या पद्धतीविषयीचे मूलगामी चिंतन आणि प्रतिपक्षाची निर्दय थट्टा येथे एकमेकांपासून वेगळी काढता येत नाही. मात्र धूमकेतूच्या स्थानाबाबत ग्रासी बरोबर होते, आणि गॅलिलिओंच्या शैलीच्या तेजात हे झाकले जाऊ नये.

१६११ मध्ये कोलेजिओ रोमानोने गॅलिलिओंचा सत्कार केला होता. या वादानंतर जेझुइटांशी असलेला तो स्नेह उरला नाही. ग्रासी यांनी १६२६ मध्ये पॅरिसमधून दिलेल्या प्रत्युत्तराला गॅलिलिओंनी छापील उत्तर दिले नाही.